मालकाला मोकळीक, मजुराला कागद: अमेरिकेतल्या कामगार-पडताळणीची पार्श्वभूमी

अमेरिकेत नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाला आय-९ नावाचा फॉर्म भरावा लागतो, मग तो तिथेच जन्मलेला असो वा आठवड्यापूर्वी मुंबईहून गेलेला असो. रुजू होण्याच्या दिवशी पहिला भाग कामगाराने भरायचा. मग तीन कामकाजी दिवसांच्या आत मालकाने त्याची मूळ कागदपत्रं पाहून दुसरा भाग भरायचा. बेकायदा स्थलांतराचा विषय निघाला की तिथले राजकारणी सीमा, भिंत आणि गस्तीबद्दल बोलतात. माणसं येतात ती मुख्यतः कामासाठी, हे मात्र कोणीच नाकारत नाही. म्हणूनच काम देणाऱ्यावर कायद्याने कोणती जबाबदारी टाकली आणि ती टाकताना त्याला किती सांभाळून घेतलं, हा इतिहास महत्त्वाचा आहे.

सुरुवात १९५२पासून करावी लागते. त्या वर्षीच्या कायद्याने विनापरवाना आलेल्या माणसाला आसरा देणं किंवा लपवणं हा गंभीर गुन्हा ठरवला. एकेका माणसामागे पाच वर्षांपर्यंत कैद होती. पण त्यालाच एक पुस्ती जोडलेली होती: एखाद्याला कामावर ठेवणं म्हणजे आसरा देणं असं समजू नये. टेक्ससमधल्या शेतमालकांसाठी घातलेली ही सूट 'टेक्सस प्रोव्हायझो' म्हणून ओळखली जाते. कणव येऊन कोणाला लपवलं तर तुरुंग, पण कापूस वेचायला ठेवलं तर काहीच नाही. ही चूक नव्हती, हे समजूनउमजून लिहिलेलं होतं. पुढची ३४ वर्षं केंद्रीय कायद्यात मालक सर्वसाधारणपणे नामानिराळाच राहिला.

याच काळात मेक्सिकोतून मजूर आणण्याची सरकारी योजनाही चालू होती. दुसऱ्या महायुद्धात मनुष्यबळ कमी पडलं म्हणून १९४२मध्ये 'ब्रासेरो' योजना सुरू झाली आणि युद्ध संपल्यावरही १९६४पर्यंत चालली. तिच्याखाली सुमारे ४६ लाख करार झाले. कॅलिफोर्नियाची भाजी, टेक्ससचा कापूस, बीटची शेती, सगळीकडे हेच हात होते. १९५४मध्ये सरकारने एका बाजूला बिनकागदाच्या मेक्सिकन लोकांना पकडून सीमेपार नेण्याची मोठी मोहीम काढली आणि दुसऱ्या बाजूला करारावरचे मजूर आणणं वाढवलं. ज्यांना हाकललं ते आणि ज्यांना बोलावलं ते बहुतेक एकाच गावांतले होते.

ब्रासेरो बंद झाली, पण पिकांना हात लागतच होते. १९६५च्या कायद्याने देशनिहाय जुना कोटा रद्द केला. आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनिअरांना अमेरिकेची वाट मोकळी झाली ती याच कायद्याने, त्यामुळे मराठी घरांत त्याची आठवण चांगलीच निघते. मेक्सिकोच्या बाबतीत मात्र उलटं घडलं. पश्चिम गोलार्धातल्या सगळ्या देशांना मिळून वर्षाला १,२०,००० अशी मर्यादा १९६८पासून पहिल्यांदाच लागू झाली आणि १९७६च्या दुरुस्तीने त्यातल्या प्रत्येक देशाला २०,००० असा आकडा ठरवून दिला. दरवर्षी हंगामाला येणारा माणूस येतच राहिला. त्याच्या येण्याला आता कायद्यात जागा उरली नव्हती, एवढाच फरक.

मालकालाही दंड व्हावा ही मागणी सुरुवातीला कामगार संघटनांची होती. स्वस्त आणि तोंड न उघडणारा मजूर मिळाला की आपला संप मोडतो, असा त्यांचा अनुभव होता. कॅलिफोर्नियाने १९७१मध्ये असा दंडाचा कायदा केला आणि राज्याला तसा अधिकार असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्ये मान्य केलं. केंद्रात प्रतिनिधी पीटर रोडिनो यांची अशीच विधेयकं प्रतिनिधिगृहात मंजूर झाली, पण सिनेटमध्ये अडली. पुढे फादर थिओडोर हेसबर्ग यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थलांतरविषयक आयोगाने १९८१मध्ये अहवाल दिला. बेकायदा राहणाऱ्यांना एकदा कायदेशीर करून घ्या आणि यापुढे मालकांना जबाबदार धरा, असा त्याचा रोख होता. सिनेटर अॅलन सिम्पसन आणि प्रतिनिधी रोमानो मॅझोली यांनी तो धागा धरून विधेयक आणलं. ते दोनदा बारगळलं. अखेर ६ नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली.

आजची सगळी यंत्रणा या १९८६च्या कायद्यावर उभी आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं. १ जानेवारी १९८२च्या आधीपासून सलग राहणाऱ्यांना आणि ठरावीक दिवस शेतात राबलेल्यांना कायदेशीर होण्याची संधी मिळाली. तिचा फायदा सुमारे २७ लाख लोकांना झाला. माणसांच्या आयुष्यात थेट फरक पाडणारा भाग हाच. दुसरा भाग मालकांचा. बेकायदा माणसाला 'जाणूनबुजून' कामावर ठेवलं तर पहिल्या वेळी दर माणसामागे २५० ते २,००० डॉलर दंड, पुढे तो वाढत जाणारा.

सगळी गोम त्या 'जाणूनबुजून'मध्ये होती. व्यापारी आणि शेतमालकांच्या संघटनांना दंड नको होता. लॅटिनो संघटनांना वेगळी भीती होती: दंडाच्या धाकाने मालक सावळ्या रंगाच्या किंवा स्पॅनिश आडनावाच्या कोणालाच दारात उभं करणार नाहीत. ओळखपत्राचं राष्ट्रीय कार्ड काढावं, तर त्याला डावे-उजवे दोघेही विरोधात. यातून तडजोड निघाली ती अशी. मालकाने कागद पाहायचा. तो वरकरणी खरा दिसला की स्वीकारायचा. पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड असेल तर ते एकच पुरे, नाहीतर वाहनपरवाना आणि सोशल सिक्युरिटी कार्ड (सामाजिक सुरक्षा योजनेचा सरकारी क्रमांक असलेलं) अशी जोडी चालेल. कोणता कागद दाखवायचा हे कामगार ठरवणार. मालकाने ठरावीक कागदच हवा असा हट्ट धरला किंवा जास्तीचे मागितले, तर तो भेदभाव (हे १९९०च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं), आणि त्याची चौकशी करायला न्याय खात्यात स्वतंत्र कार्यालय. शिवाय आय-९ फक्त नोकरांसाठी. स्वतंत्र कंत्राटदाराकडून काम करून घेतलं, तर त्याचा फॉर्म भरावा लागत नाही.

भेदभाव रोखणारं कलम आवश्यकच होतं, आणि ते नसतं तर आणखी वाईट झालं असतं असंच मला वाटतं. पण सगळ्या तरतुदी एकत्र वाचल्या की दिसतं ते असं: मालकाने फॉर्म नीट भरून कपाटात ठेवला की तो सुटला. साहजिकच बनावट कार्डांचा धंदा जोरात सुरू झाला. शेतांवर मजूर पुरवणाऱ्या मुकादमांचं महत्त्व वाढलं, कारण जोखीम त्यांच्या अंगावर ढकलता येत होती आणि मुकादम ती मजुरीतून वसूल करत होता. आणि ज्या भेदभावाची भीती होती तोही झालाच. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९०च्या अहवालात सांगितलं की या दंडामुळे भेदभाव सर्रास होऊ लागला आहे. तरीही दंडाची तरतूद कायम राहिली.

दंडाचं म्हणाल तर, १९९९ या आर्थिक वर्षात मालकांना दंडाच्या ४१७ नोटिसा गेल्या होत्या. २००४मध्ये गेल्या ३. अख्ख्या देशात तीन. दरम्यान २००० साली एएफएल-सीआयओ या कामगार महासंघाने आपली जुनी भूमिका सोडून मालक-दंडाची ही व्यवस्थाच रद्द करा अशी मागणी केली. कामगारांनी संघटना बांधायला घेतली की मालकाला अचानक कागद तपासायची आठवण होते, हे त्यांनी पाहिलं होतं.

कागद खोटे असतात, तर मग संगणकावर ताडून पाहू, हा विचार १९९०च्या दशकातला. माजी संसद-सदस्य बार्बरा जॉर्डन यांच्या स्थलांतरविषयक आयोगाने तशी शिफारस केली आणि १९९६च्या कायद्याने 'बेसिक पायलट' ही ऐच्छिक योजना काढली. ती १९९७मध्ये पाच राज्यांत सुरू झाली, नंतर देशभर खुली झाली आणि २००७मध्ये तिला ई-व्हेरिफाय हे नाव मिळालं. आय-९वरचं नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक सरकारी नोंदींशी जुळतो का, एवढंच ती पाहते.

तिची मर्यादा कुठे आहे, हे १२ डिसेंबर २००६ला उघड झालं. स्विफ्ट या मांस-प्रक्रिया कंपनीच्या सहा राज्यांतल्या सहा कारखान्यांवर एकाच सकाळी धाडी पडल्या. कोलोरॅडोतल्या ग्रीलीपासून मिनेसोटातल्या वर्दिंग्टनपर्यंत सुमारे १,३०० कामगार पकडले गेले. स्विफ्ट काही पडताळणी चुकवणारी कंपनी नव्हती. बेसिक पायलटमध्ये ती १९९७पासून होती. इतकंच नव्हे, परदेशी वाटणाऱ्या कामगारांकडे जास्तीचे कागद मागितल्याच्या न्याय खात्याच्या तक्रारीवर तिने काही वर्षांपूर्वीच तडजोडही केली होती. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. कामगारांनी दिलेले क्रमांक बनावट नव्हते. ते दुसऱ्या खऱ्याखुऱ्या माणसांचे होते, म्हणून संगणकाने होकार दिला. कंपनीवर खटला झाला नाही. कामगारांवर मात्र हद्दपारीची कारवाई झाली आणि अनेकांवर ओळख चोरल्याचे गुन्हे लागले. त्या दिवशी शाळा सुटल्यावर आपल्या मुलांना कोण घेईल, हे अनेक घरांत कोणालाच माहीत नव्हतं.

दीड वर्षाने आयोवातल्या पोस्टव्हिल या छोट्या गावात अशाच धाडीत ३८९ जण पकडले गेले. बहुतेक ग्वाटेमालाचे. त्यांना गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानात ठेवून तिथेच गटागटाने न्यायाधीशांपुढे उभं केलं आणि थोड्याच दिवसांत शेकडोंना पाच-पाच महिन्यांच्या शिक्षा झाल्या. वापरलेला क्रमांक खऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध केलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये दुसऱ्या एका खटल्यात सांगितलं. पोस्टव्हिलच्या लोकांच्या शिक्षा तोवर भोगून झाल्या होत्या.

२००९मध्येच प्रसिद्ध झालेल्या, सरकारनेच करवून घेतलेल्या पाहणीत अंदाज निघाला की ई-व्हेरिफायमधून गेलेल्या बेकायदा कामगारांपैकी निम्म्याहून थोडे जास्त बिनबोभाट 'पात्र' ठरतात. काही कागदपत्रांवरचे फोटो ताडण्याची सोयही आहे, पण उसन्या ओळखीचं दुखणं पुरतं गेलेलं नाही.

आपल्या लोकांचा या यंत्रणेशी थेट संबंध येतो तो विद्यार्थ्यांमुळे. विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला एक वर्षाच्या ओपीटीनंतर (शिक्षणानंतर काम करण्याची तात्पुरती परवानगी) मुदतवाढ मिळते. २००८मध्ये ती १७ महिन्यांची होती, २०१६पासून २४ महिन्यांची आहे. अट अशी की मालक ई-व्हेरिफायमध्ये नोंदलेला हवा. पुण्या-नागपूरहून एमएस करायला गेलेली मुलं नोकरी शोधताना पगाराआधी हे विचारतात ते यामुळेच. छोटी कंपनी नोंदणीच्या फंदात पडायला तयार नसेल, तर चांगली नोकरीही सोडावी लागते, आणि ओपीटीवर नोकरीविना राहायला मिळणारे मोजके दिवस तर सरत असतात.

नावांचा घोळ वेगळाच. भारतीय पासपोर्टवर वडिलांचं नाव बहुधा मुलाच्या नावाला जोडून येतं. सोशल सिक्युरिटी कार्डावर ते कधी मधलं नाव होतं, कधी गळतं. लग्नानंतर एका कागदावर माहेरचं आडनाव आणि दुसऱ्यावर सासरचं, हेही नेहमीचंच. नोंदी जुळल्या नाहीत की 'मिसमॅच' येतो. मालकाने तो कामगाराला एकांतात सांगायचा असतो. कामगाराला हरकत घ्यायची असेल, तर सरकारी कार्यालयाशी संपर्क साधायला आठ कामकाजी दिवस मिळतात, आणि प्रकरण चालू असताना त्याला कामावरून काढता येत नाही. हा हक्क नीट माहीत हवा, कारण कितीतरी जण घाबरून आपणहून नोकरी सोडतात. नागरिकत्व घेतलेल्यांच्या वाट्याला अशा चुका जन्मजात नागरिकांपेक्षा जास्त येतात, हे सरकारी पाहण्यांतूनच दिसलं आहे.

केंद्रीय पातळीवर ई-व्हेरिफाय आजही सरसकट सक्तीचं नाही. सरकारी कंत्राटदारांना ते २००९पासून लागू झालं. देशभर सक्ती आणि त्याबरोबर नागरिकत्वाची वाट, असं विधेयक सिनेटने २०१३मध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं, पण प्रतिनिधिगृहाने ते चर्चेलाच घेतलं नाही. शेतमजुरांना कायदेशीर दर्जा आणि शेतीत पडताळणीची सक्ती असं विधेयक २०२१मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, ते सिनेटमध्ये पडून राहिलं. पिकांवर राबणाऱ्या मजुरांपैकी सुमारे ४० टक्के विनापरवाना आहेत, असं श्रम खात्याच्याच अलीकडच्या पाहण्यांतून दिसतं. नुसती सक्ती केली तर तोडणीला माणूस मिळणार नाही, हे दोन्ही पक्षांच्या शेतकरी मतदारसंघांना पक्कं ठाऊक आहे.

म्हणून हालचाल होते ती राज्यांत. अॅरिझोनाने २००७मध्ये सर्व मालकांना सक्ती केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये ती ५ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरली. मिसिसिपीतही तसा कायदा २००८पासून आहे. तरी ऑगस्ट २०१९मध्ये तिथल्या कोंबडी-प्रक्रिया कारखान्यांतून एका दिवसात ६८० जण पकडले गेले. कॅलिफोर्नियाने उलट आपल्या शहरांना आणि काउंट्यांना खासगी मालकांवर अशी सक्ती करायला मनाई केली. फ्लोरिडाने १ जुलै २०२३पासून २५ किंवा अधिक नोकर असलेल्या खासगी मालकांना ई-व्हेरिफाय बंधनकारक केलं. २४ महिन्यांत तीनदा चुकवलं तर दिवसाला १,००० डॉलर दंड आहे. छपरं घालणाऱ्या आणि संत्री तोडणाऱ्या, दहा-पंधरा माणसांच्या कंत्राटी टोळ्या त्या २५च्या आकड्याखाली राहतात.