अवकाश-लिफ्ट (विज्ञानकथेतली)

अवकाश-लिफ्ट म्हणजे विषुववृत्तावरून थेट अवकाशात गेलेला दोर आणि त्यावर वर-खाली करणारा डबा. अजून कुणी बांधलेली नाहीये, पण विज्ञानकथेत भविष्यातलं यंत्र वाचकाच्या गळी कसं उतरवायचं ते शिकायला हिच्यासारखं उदाहरण नाही.

तत्त्व तसं सोपंय. गॅलरीतली टीव्हीची डिश एकदा लावली की परत फिरवावी लागत नाही, कारण 35,786 किमीवरचा उपग्रह पृथ्वीच्या एका गिरकीत आपलीही एकच फेरी मारतो, म्हणून खालून जागच्या जागी दिसतो. तिथून एक दोर खाली सोडायचा, तोल सांभाळायला दुसरा वरच्या बाजूला. 1895 मध्ये त्सिओल्कोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने आयफेल टॉवरवरून सुचून असाच आभाळापर्यंतचा मनोरा कल्पिला होता, पण वरून दोर सोडायची आयडिया 1960 ची, युरी आर्त्सुतानोव या रशियन इंजिनिअरची.

घोडं अडतं दोरापाशी. पोलादाचा एवढा लांब दोर स्वतःच्याच वजनाने तुटेल. म्हणजे इथे लेखकाला थाप मारावीच लागते, आणि माझ्या मते थापेचा कोटा एवढाच, बाकी सगळा हिशोब चोख हवा. विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्कने 1979 च्या कादंबरीत हिऱ्यासारख्या कार्बनचा अतिबारीक धागा कल्पिला. क्लार्क श्रीलंकेत राहायचा, पण श्रीलंका काही विषुववृत्तावर नाही, मग पठ्ठ्याने कथेतलं बेट सरळ 800 किमी दक्षिणेला सरकवलं! पुढे 1991 पासून कार्बन नॅनोट्यूबची (कार्बनच्या अतिसूक्ष्म, पण जबरदस्त मजबूत नळ्यांची) चर्चा सुरू झाली, 2012 मध्ये जपानच्या ओबायाशी कंपनीने 2050 पर्यंत लिफ्ट बांधायचा बेतही जाहीर केला, पण तेवढा लांब आणि मजबूत दोर आजही कुणाकडे नाही.

नवखे लेखक चुकतात ते प्रवाशापाशी. ताशी 200 किमीने निघालो तर दोन तासांत 400 किमीवर, म्हणजे साधारण अवकाश स्थानकाच्या उंचीवर, आणि इथे हमखास सगळे तरंगायला लागतात. चूक! स्थानकातले लोक तरंगतात कारण ते स्थानकासकट पृथ्वीभोवती सतत पडत असतात, गुरुत्वाकर्षण तिथेही जवळपास 90 टक्के असतंच. लिफ्ट पडत नाही, दोराला धरून असते, त्यामुळे चहा कपातच राहतो. तेरा तासांनी, 2,640 किमीच्या आसपास, 70 किलोच्या माणसाला वजनकाटा 35 दाखवेल. पूर्ण तरंगायचं तर त्या डिशवाल्या उपग्रहाच्या उंचीपर्यंत, साडेसात दिवस थांबा, म्हणजे डब्यात झोपायला बर्थ हवा, संडास हवा, आणि शेजाऱ्याचं घोरणंही आलंच.

दुरुस्तीवाल्याच्या हातून पाना निसटला तर? तिसऱ्या दिवशी निसटला तर खाली येता येता वातावरणात तापून निघेल. सहाव्या दिवशी निसटलेला मात्र जमिनीवर येतच नाही, लांबट कक्षेत पृथ्वीभोवती फिरत बसतो, आणि एखाद्या फेरीत त्याच दोरावर येऊन आदळू शकतो.