प्रोपेलरचा पिच (आउटबोर्ड मोटरबोट)

प्रोपेलरने पाण्यात जराही न घसरता एक पूर्ण फेरा घेतला, तर तो जितका पुढे जाईल ते अंतर म्हणजे त्याचा पिच. हे अंतर इंचांत सांगतात. लाकडात स्क्रू पिळताना तो एका पिळ्यात जितका आत शिरतो, तीच ही गोष्ट. फरक एवढाच की लाकूड स्क्रूला धरून ठेवते आणि पाणी मागे सरकते. स्क्रूला मराठीत मळसूत्र असा जुना शब्द आहे. प्रोपेलर हे पाण्यातले मळसूत्रच, फक्त आट्यांचे तीन-चार तुकडे कापून दांड्याभोवती बसवलेले. बोटवाल्यांच्या बोलण्यात तो सरळ ‘पंखा’ असतो, आणि त्याच्या मधल्या तुंब्यावर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ १०.५ × १३. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा. काही कंपन्या त्याआधी पात्यांची संख्याही लिहितात. दुकानात व्यासाबद्दल चौकशी जास्त होते. बोट चालते मात्र मुख्यतः दुसऱ्या आकड्यावर.

आउटबोर्ड म्हणजे बोटीमागे बाहेरून लटकवायची मोटर. बहुतेक आउटबोर्ड मोटरींना पुढचा, न्यूट्रल आणि मागचा एवढेच गिअर असतात. मोटारीसारखे पहिला, दुसरा, तिसरा असे काही नसते. म्हणून पिच हाच बोटीचा एकुलता एक गिअर. महूहून मंडलेश्वरकडे उतरणारा जाम घाट इंदूरकरांच्या चांगल्या ओळखीचा आहे. परत येताना तो चढ तीन माणसे बसवलेल्या स्कूटरवर वरच्या गिअरमध्ये चढून पाहावा, म्हणजे जादा पिच इंजिनाचे काय करतो ते वेगळे सांगावे लागत नाही. इंजिन दबते, थरथरते, रेस वाढवली तरी फेरे वाढत नाहीत. उलट पिच कमी असेल तर सपाट रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पळाल्यासारखे होते, म्हणजे आवाज खूप आणि अंतर थोडे.

दोन्ही चुकांत पहिली जास्त महाग पडते. पूर्ण रेस देऊनही इंजिन आपल्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नसेल तर सिलिंडरमध्ये कार्बन साचतो, ठोके पडू लागतात, पिस्टन आणि रिंगांवर ताण येतो. हे एका दिवसात दिसत नाही, हंगाम संपताना दिसते, आणि तेव्हा दोष पेट्रोलला दिला जातो. पिच कमी असल्याची तक्रार लगेच कानावर येते. नव्या मोटरींत फेरे मर्यादेबाहेर गेले की इलेक्ट्रॉनिक लगाम बसतो आणि इंजिन अडखळते. जुन्या मोटरींना हा लगाम नसतो, तिथे हात आखडता घ्यावा लागतो.

हिशेब

समजा, एका ४० अश्वशक्तीच्या मोटरच्या पुस्तिकेत पूर्ण रेसला ५,००० ते ६,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) अशी मर्यादा दिली आहे. गिअरचे प्रमाण २ आहे, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा. इंजिन ५,५०० वर असेल तर पंखा मिनिटाला २,७५० फेरे घेतो. १३ इंच म्हणजे ३३ सेंटिमीटर. गुणाकार केला की मिनिटाला सुमारे ९०८ मीटर, म्हणजे ताशी ५४.५ किमी येतात. प्रत्यक्षात बोट इतकी पळत नाही, कारण पाणी घसरते. फोनवरच्या जीपीएसने ४६ किमी दाखवले तर घसरण साधारण १५ टक्के. हलक्या, पाण्यावर उठून पळणाऱ्या बोटीला १० ते २० टक्के घसरण नेहमीची आहे. हाच आकडा ३८ किमी आला तर घसरण ३० टक्क्यांवर गेली, आणि तेव्हा नवा पंखा घेण्याआधी दुसरीकडे पाहावे. कुठे, ते पुढे आहे.

निवडीचा ढोबळ नियम असा: पिच एक इंच कमी केला की पूर्ण रेसचे फेरे १५० ते २०० ने वाढतात, एक इंच वाढवला की तेवढेच उतरतात. एक इंच व्यास मात्र दोन-तीन इंच पिचइतका भार घालतो, म्हणून व्यासाशी खेळ करू नये. एकाच मालिकेतल्या पंख्यांत पिच वाढतो तसा व्यास बहुधा थोडा कमी होत जातो. ती तजवीज बनवणाऱ्याने केलेली असते.

यातून एक गोष्ट निघते, आणि या विषयात तीच मोलाची आहे. पिच अश्वशक्तीवरून ठरत नाही, कॅटलॉगवरून तर नाहीच. नेहमीचे ओझे घेऊन, नेहमीच्या पाण्यात, पूर्ण रेसला टॅकोमीटर, म्हणजे फेरे दाखवणारा काटा, काय दाखवतो त्यावर तो ठरतो. टॅकोमीटर नसलेल्या मोटरीला हातात धरायचा छोटा मीटर मिळतो. स्पार्क प्लगच्या वायरीभोवती त्याची तार गुंडाळली की फेरे कळतात.

कोणाचे ओझे?

इंदूरपासून सुमारे ९० किमीवरच्या महेश्वरच्या घाटाचे उदाहरण घेऊ. होळकरांची जुनी राजधानी म्हणून इंदूरच्या मराठी घरांत आलेला पाहुणा बहुधा इथे आणला जातोच. किल्ल्याच्या पायऱ्या उतरल्या की समोर बोटी. सकाळी नावाडी एकटा बोट घेऊन पलीकडे जातो, दहा वाजता त्याच बोटीत आठ माणसे, डबे, पिशव्या आणि मांडीवरची दोन मुले. आठ मोठी माणसे म्हणजे पाचशे किलोंच्या वर वजन. एकट्याने चाचणी घेऊन ५,७०० आरपीएम दाखवणारा १३ इंची पंखा भरल्या बोटीत जेमतेम ५,००० ला येऊन थांबू शकतो, बोट नाक वर करून मागचा भाग पाण्यात घासत राहते आणि उठतच नाही.

अशा वेळी ११ इंचावर उतरावे. भरल्या बोटीत फेरे ५,४०० च्या आसपास येतील. रिकाम्या बोटीत पूर्ण रेस दिली तर ते ६,१०० होतील, म्हणजे मर्यादेबाहेर. हा सौदा मान्य करण्यासारखा आहे, कारण रिकाम्या बोटीत हात थोडा मागे घेता येतो, पण भरल्या बोटीत अडलेल्या इंजिनाला मदत करायला नावाड्याच्या हातात काही उरत नाही. भाड्याच्या बोटीला नेहमी भरल्या ओझ्याचा पिच लावावा. एकट्यादुकट्याने मासेमारीला किंवा पक्षी पाहायला जाणाऱ्याने आपल्या ओझ्याचा लावावा. दोन्ही कामे एकाच बोटीने होत असतील तर दोन पंखे ठेवणे स्वस्त पडते.

इथे एक इशारा आवश्यक आहे. पिच उतरवला की मर्यादेपेक्षा जास्त भरलेली बोटही खुशाल पळू लागते, आणि मालकाला वाटते की क्षमता वाढली. क्षमता बोटीच्या अंगाची असते, पंख्याची नव्हे. बोटीवर लिहिलेल्या माणसांपलीकडे एकही माणूस पिचच्या भरवशावर चढवू नये.

चढ, उतार आणि मे महिना

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. महेश्वरला नर्मदा १५० मीटरच्या आसपास आणि नर्मदेवरच्याच इंदिरा सागर जलाशयाची पूर्ण पातळी २६२ मीटर. उंचीवर हवा विरळ होते आणि दर ३०० मीटरला इंजिनाची साधारण ३ टक्के ताकद जाते. मग इंदुरातल्या तलावावर बेतलेला पंखा खाली नर्मदाकाठच्या निमाडात चुकीचा ठरतो का? ही शंका वारंवार येते. उत्तर असे की फारसा नाही. पंख्याला लागणारी शक्ती साधारणपणे फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे चारशे मीटरच्या उताराने मिळालेली ४ टक्के ताकद फेऱ्यांत जेमतेम सव्वा टक्का दिसते, म्हणजे सत्तर-ऐंशी आरपीएम. त्यासाठी पंखा बदलत नाहीत.

उन्हाचा हिशेब मात्र मोठा आहे. डिसेंबरच्या पहाटेच्या १० अंशांपेक्षा मेच्या दुपारच्या ४२ अंशांत हवा सुमारे १० टक्के विरळ असते. फेऱ्यांत हा फरक दोनशेच्या घरात जातो, म्हणजे जवळजवळ एक इंच पिच. थंडीत अगदी काठावर बसवलेला पंखा उन्हाळ्यात जड वाटू लागतो तो यामुळे, आणि सुट्ट्यांची गर्दीही नेमकी तेव्हाच असते.

चाचणीला वारा नसलेली सकाळ आणि शांत पाणी निवडावे. नदीत चाचणी करायची तर एक धाव प्रवाहाच्या दिशेने आणि एक उलटी घ्यावी, कारण जीपीएसचा वेग प्रवाहामुळे फसवतो. दोन धावांची सरासरी काढावी. टॅकोमीटर मात्र प्रवाहाला भुलत नाही. इंदूरजवळचे यशवंतसागर आणि सिरपूर हे दोन्ही तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जपायच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत. तिथल्या बदकांच्या थव्यात फुल रेसची चाचणी कोणी घेऊ नये, एवढे तारतम्य सांगावे लागू नये.

पिचवर येणारा खोटा आळ

घसरण अचानक वाढली तर पिच निर्दोष असण्याची शक्यता जास्त. पंख्याचे भोक आणि मधली पितळी नळी यांच्यामध्ये रबराचा बुश असतो. दगडावर आदळल्यावर गिअर वाचावेत म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. हा बुश सुटला की हळू चालताना बोट ठीक वाटते आणि रेस दिली की इंजिन किंचाळते, बोट मात्र जागच्या जागी. तपासायला सोपी युक्ती आहे: पंख्याच्या मागच्या तोंडावर, नळीपासून रबरावरून बाहेरच्या तुंब्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी आणि एक फेरी मारून यावे. रेघ तुटून दोन्ही तुकडे वेगळ्या जागी गेले असतील तर बुश गेला.

दुसरा संशयित म्हणजे हवा. मोटर फार वर बसवली असेल किंवा जास्त कलवली असेल तर वळणावर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो आणि फेरे एकदम उसळतात. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीत असावी, ती याचसाठी. पुष्कळ जण अशा हवा ओढण्याला कॅव्हिटेशन म्हणतात, ते बरोबर नाही. कॅव्हिटेशनमध्ये हवा नसतेच. पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की थंड पाणीच उकळून त्याची वाफ होते, आणि ते बुडबुडे फुटताना धातूवर टोच्या मारल्यासारखे खड्डे पाडतात. पात्याची पुढची कड दगडाने चेपली असेल तर तिच्या मागे असे खड्डे हमखास दिसतात.

महेश्वरजवळ सहस्रधारेला नर्मदा काळ्या खडकांतून फाटून वाहते. तिथे पंख्याला दगड लागणे हा अपघात नव्हे, नित्यक्रम आहे. अशा पाण्यात ॲल्युमिनियमचा पंखा बरा: पाते वाकते, पण ठोकून सरळ करता येते आणि धक्का पुढे शाफ्टपर्यंत कमी जातो. स्टेनलेस स्टीलचे पाते पातळ असते, वेगात लवत नाही, म्हणून मोकळ्या खोल पाण्यात ते वेग जास्त देते, पण किंमत कितीतरी पट. चार पात्यांचा पंखा ओझ्याखाली लवकर उठतो आणि कमी थरथरतो, टोकाचा वेग थोडा सोडतो.

ठोकून आणलेल्या पंख्याचा पिच कोरलेल्या आकड्याइतकाच राहिला असेल असे धरून चालू नये. घरी मोजता येतो. पंखा फरशीवर सपाट ठेवा. मध्यापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या सुमारे तीन चतुर्थांशावर खडूने एक चाप काढा. त्या चापावर पात्याच्या दोन्ही कडांची फरशीपासूनची उंची मोजा आणि दोन कडांमधला कोन कोनमापकाने घ्या. उंचीतला फरक साडेपाच सेंटिमीटर आणि कोन ६० अंश असेल तर पूर्ण फेऱ्याला सहापट, म्हणजे ३३ सेंटिमीटर, म्हणजे १३ इंच. तिन्ही पात्यांचे उत्तर जवळपास सारखे यायला हवे. एकाचे १२ आणि एकाचे १४ आले तर तो पंखा बोट नव्हे, माणसांचे दात हलवेल. पात्याच्या मागच्या कडेला बाहेर वळलेली बारीक गोलाई असेल तर ती बिघाड समजून ठोकू नये. ती मुद्दाम दिलेली असते आणि फेरे अर्धा-एक इंच पिच वाढवल्याइतके उतरवते.

थोडा इतिहास

मळसूत्राने बोट ढकलण्याचे पेटंट १८३६ मध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिक्सन या दोघांनी स्वतंत्रपणे घेतले. स्मिथचा पहिला स्क्रू लाकडी, दोन पूर्ण वेढ्यांचा होता. १८३७ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात तो काहीतरी लागून अर्धा तुटला आणि बोट हळू होण्याऐवजी जोरात पळू लागली. पंख्याचा आकार कागदावर नव्हे, पाण्यात ठरतो याचा हा जुना दाखला. १८४५ मध्ये ब्रिटिश नौदलाने स्क्रूच्या ‘रॅटलर’ या जहाजाला वल्ह्यांच्या चाकांवर चालणाऱ्या ‘अलेक्टो’ जहाजाशी दोरखंडाने बांधून ओढाताण लावली आणि रॅटलरने अलेक्टोला मागे फरफटत नेले. बोटीमागे लटकवायची पेट्रोल मोटर ओले एव्हिनरूड याने अमेरिकेत १९०९ पासून विकायला आणली.

पंखा बदलताना

किल्ली काढून, गिअर न्यूट्रलमध्ये टाकून मगच हात घालावा. पात्यात आणि वरच्या पट्टीत लाकडाचा ठोकळा अडकवला की नट सोडता येतो. पंखा आणि गिअरची पेटी यांच्यामधला जाड वॉशर कोणत्या बाजूने बसला होता ते आधी पाहून ठेवावे, उलटा बसला तर पंखा गिअरच्या पेटीवर घासतो. दांड्याच्या खाचांना ग्रीस लावावे, नट अडकवून ठेवणारी कॉटर पिन दर वेळी नवी घालावी. पंखा उतरलाच आहे तर गिअरच्या पेटीलगतची दांड्याभोवतीची फट बोटाने चाचपावी. घाटाजवळच्या पाण्यात हारांचा दोरा, नारळाच्या शेंड्या आणि नर्मदेला वाहिलेल्या चुनरीचे धागे तरंगत असतात, ते दांड्याभोवती गुंडाळून ऑइल सील (तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी कडी) कापतात. गिअरचे तेल दुधासारखे पांढरट झाले असेल तर पाणी आत गेले आहे, आणि मग पिचचा विचार नंतर, आधी सील बदलून घ्यावे.