सॉव्हिनॉं ब्लांचा सुगंध, गांजाची नशा आणि एक सामाईक रेणू

गोडी आणि सुगंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागायतदाराला कोणी शिकवावे लागत नाही. निफाड, दिंडोरी किंवा पिंपळगावच्या बागेतील थॉमसन सीडलेसचा घड रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसातील साखर मोजणाऱ्या उपकरणावर, १८ ब्रिक्सचा आकडा दाखवतो, जिभेला भरपूर गोड लागतो, पण नाकाला फारसे काही सांगत नाही. उलट मस्कत कुळातील द्राक्ष तेवढ्याच साखरेत गुलाबासारखे दरवळते. साखर हवेत उडून नाकापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे तिला स्वतःचा वास नाही. असे असूनही कॅलिफोर्नियात गेल्या दीड-दोन दशकांत गांजाचे असे संकरित वाण तयार झाले, ज्यांची नावे ‘वेडिंग केक’, ‘जेलाटो’, ‘सनसेट शर्बेट’ अशी आहेत आणि ज्यांच्या वासाने मिठाईच्या दुकानाची आठवण व्हावी. हा वास साखरेचाही नाही आणि लोण्याचाही नाही. तो कशाचा आहे, आणि त्याचा या वाणांच्या प्रखर नशेशी काही संबंध आहे का, हे दोन्ही प्रश्न वनस्पतिरसायनाच्या दृष्टीने अतिशय रंजक आहेत.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याची बाब स्पष्ट केली पाहिजे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २० नुसार विनापरवाना गांजाची लागवड केल्यास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि गच्चीवरच्या कुंडीतील झाडही त्यातून सुटत नाही. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला, कॅलिफोर्नियात त्याच वर्षी जानेवारीपासून परवानाधारक दुकाने उघडली, आणि जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला घरी तीन झाडे लावता येतात. पुढील मजकुरात लागवडीचे जे वर्णन येईल ते अशा प्रदेशांतील आहे.

या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. वास आणि नशा या दोन्हींचा कारखाना मादी फुलांभोवतीच्या पानोळ्यांवर असतो: तिथे भिंगातून पाहिल्यास देठावर बसवलेल्या काचेच्या मण्यांसारखे सूक्ष्म केस दिसतात, ज्यांना ग्रंथिल रोम म्हणतात. मण्यातील पेशी राळ तयार करून बाहेरच्या पातळ आवरणाखाली साठवतात. फुलाचे परागण झाले की झाड आपली शक्ती बी भरण्याकडे वळवते आणि राळ कमी होते. म्हणून मादी झाडांजवळ नर झाड राहू दिले जात नाही. हे तंत्र कॅलिफोर्नियात शोधले गेले असे अनेकांना वाटते, पण एकोणिसाव्या शतकात बंगालमधील नौगाव परिसरात सरकारी परवान्याने गांजा पिकवणारे शेतकरी नर झाडे ओळखून उपटण्यासाठी पोद्दार नावाचा खास जाणकार बोलावत असत. १८९३–९४ च्या भारतीय भांग आयोगाने या पद्धतीची नोंद करून ठेवली आहे. आपल्याकडील शेतकऱ्यांचे हे निरीक्षण आजच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मानाने घ्यावे इतके अचूक होते, असे मला वाटते.

आता त्या मण्याच्या आत काय घडते ते पाहू. वनस्पती पाच कार्बनच्या लहान तुकड्यांपासून मोठे रेणू जोडत जातात. असे दोन तुकडे जुळले की दहा कार्बनचा जेरानिल डायफॉस्फेट हा रेणू तयार होतो, आणि तिथून वाटा फुटतात. टर्पीन सिंथेज गटातील एखाद्या विकराने (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाने) तो रेणू उचलला तर त्यापासून लिमोनीन, मिर्सीन किंवा लिनालूल असे सुवासिक टर्पीन तयार होते. तोच रेणू ऑलिव्हेटॉलिक आम्लाशी जोडला गेला तर कॅनाबिजेरॉलिक आम्ल बनते, आणि पुढच्या विकरानुसार त्याचे रूपांतर टीएचसीच्या (नशा आणणारे द्रव्य) किंवा सीबीडीच्या (नशा न आणणारे द्रव्य) आम्लरूपात होते. म्हणजे संत्र्याच्या सालीचा वास आणि मेंदूवर परिणाम करणारे द्रव्य हे एकाच कच्च्या मालाचे दोन शेवट आहेत. द्राक्षवेलीतही जेरानिल डायफॉस्फेट असतेच. मस्कत जातीत या साखळीच्या अगदी आरंभीच्या एका विकरात केवळ एका अमिनो आम्लाचा बदल झालेला आहे, त्यामुळे कच्च्या मालाचा पुरवठा वाढतो आणि द्राक्षाचा मणी लिनालूल व जेरानिऑल या सुवासिक टर्पीनांनी भरून जातो. थॉमसनमध्ये हा पुरवठा बेताचा राहतो. द्राक्षात नशेची वाट मुळातच नाही, कारण ती वाट पूर्ण करणारे विकर तिथे नाहीत.

या रचनेतूनच एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. टीएचसी तयार होणार की सीबीडी, हे ठरवणारी जनुके एका जागी आहेत, आणि कोणते टर्पीन किती बनणार हे ठरवणारी जनुके जीनोममध्ये इतरत्र विखुरलेली आहेत. पैदासकाराला त्यामुळे वास आणि तीव्रता यांची निवड स्वतंत्रपणे करता येते. मिठाईच्या नावाने विकले जाणारे वाण प्रखर असतात याचे कारण त्यांच्या वासात नाही. एकाच बाजारपेठेसाठी दोन्ही गुण एकाच वेळी निवडले गेले, एवढेच.

वासाचे घटक पाहताना आपले स्वयंपाकघरच उपयोगी पडते. लिंबू-संत्र्याच्या सालीत लिमोनीन, धन्यात लिनालूल, लवंग आणि काळ्या मिरीत बीटा-कॅरिओफायलीन असते. नाशिककडच्या घरांत काळा मसाला भाजताना जो घमघमाट उठतो त्यात यातले अनेक रेणू एकत्र असतात, आणि केकच्या नावाच्या गांजामध्ये बहुतेक वेळा हीच त्रयी आघाडीवर असते. बीटा-कॅरिओफायलीन तर विशेष आहे. ते शरीरातील सीबी-२ या ग्राहकाला, म्हणजे पेशीवरील संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटते, असे २००८ मध्ये दाखवले गेले. मात्र हा ग्राहक मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असल्याने मिरी खाऊन कोणाला नशा चढत नाही.

परंतु टर्पीनवरून सगळे उलगडत नाही. ज्यांचे टर्पीन जवळजवळ सारखे आहेत असे दोन वाण नाकाला पूर्णपणे वेगळे वाटू शकतात. त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांत मिळू लागले आहे. २०२१ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी गांजाच्या उग्र, नाक मुरडायला लावणाऱ्या वासामागे गंधकयुक्त संयुगे असल्याचे दाखवले. उन्हात राहिलेल्या बिअरला जो घाण वास येतो तोही यांपैकीच एका संयुगाचा असतो. त्यानंतर २०२३ मध्ये फळांसारख्या गोड वासाच्या वाणांत एस्टर (फळांना वास देणारी संयुगे) आणि वेगळी गंधक-संयुगे अत्यल्प प्रमाणात सापडली. त्यांतील ३-मर्कॅप्टोहेक्साइल अ‍ॅसिटेट हे संयुग वाइन बनवणाऱ्यांच्या परिचयाचे आहे, कारण सॉव्हिनॉं ब्लां वाइनला कृष्णकमळाच्या फळासारखा सुगंध तेच देते. नाशिकमध्ये सॉव्हिनॉं ब्लां ही द्राक्षाची जात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून लावली जाते. गंगापूर धरणाच्या काठावर वाइनचा पेला नाकाजवळ नेणाऱ्या पर्यटकाला ज्या रेणूमुळे प्रसन्न वाटते, तोच रेणू एका अगदी वेगळ्या कुळातील वनस्पतीच्या राळेत निघावा, हे मला फार मोलाचे वाटते.

संकराच्या बाबतीतही द्राक्षाची ओळख कामी येते. द्राक्षाची बी लावून थॉमसन मिळत नाही, म्हणून काडी लावतात किंवा डॉगरिज खुंटावर डोळा भरतात. संकरित गांजाचेही तसेच आहे: ‘जेलाटो’ हा ‘सनसेट शर्बेट’ आणि ‘थिन मिंट’ यांचा संकर, पण त्याच्या बियांतून येणारे प्रत्येक रोप वेगळे असते, आणि पसंत पडलेले एकच झाड फाटे कलमांनी वर्षानुवर्षे पुढे नेले जाते. कलमांबरोबर रोगही पुढे जातात. हॉप पिकातील एक विरॉइड, म्हणजे विषाणूहूनही लहान असा आरएनएचा तुकडा, २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील गांजामध्ये सापडला; त्याची लागण झालेल्या झाडाची राळ आणि वास दोन्ही ओसरतात. भुरी आणि दाट फुलोऱ्यात शिरणारी करडी बुरशी हे शत्रू तर द्राक्षासारखेच. काढणीनंतर फुले थंड जागी सावकाश वाळवतात, कारण लिमोनीन-मिर्सीनसारखे हलके टर्पीन उष्णतेने सर्वांत आधी उडून जातात.

नावांवर मात्र विसंबता येत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतील दुकानांतून एकाच नावाने घेतलेले नमुने तपासले, तेव्हा त्यांतील काहींची जनुकीय ओळख एकमेकांशी जुळली नाही. ‘इंडिका’ आणि ‘सटायव्हा’ या लेबलांचीही तीच गत आहे: २०२१ च्या एका अभ्यासात या लेबलांचा एकूण जनुकीय नात्याशी संबंध दुबळा निघाला, फक्त मिर्सीनसारख्या मोजक्या टर्पीनांशी तो जुळला. विक्रेते नाकाने वर्गीकरण करत होते, असाच त्याचा अर्थ होतो.

टीएचसीची ओळख १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी पटवली. मेंदूतील त्याच्या सीबी-१ ग्राहकाचे जनुक १९९० मध्ये हाती आले. त्या काळातील गांजा आणि आजचा गांजा यांत मोठा फरक आहे. अमेरिकेत जप्त झालेल्या मालातील टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ मध्ये १२ टक्क्यांवर गेले, आणि परवानाधारक दुकानांत २० टक्क्यांहून अधिक टीएचसीचे फूल आता सर्रास मिळते. २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधील ११ ठिकाणच्या अभ्यासात, १० टक्के किंवा अधिक टीएचसीचा गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीची शक्यता कधीही न ओढणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ पाचपट आढळली. पौगंडावस्थेत मेंदूची जडणघडण चालू असल्याने धोका अधिक गंभीर असतो, आणि केक-आइस्क्रीमची नावे त्याच वयाला भुरळ घालतात याची मला खरोखर चिंता वाटते.

आस्वादाविषयी २०२२ मध्ये एक लक्षवेधी निष्कर्ष पुढे आला: स्वयंसेवकांना फूल किती आवडले हे टीएचसीच्या मात्रेवरून ठरत नव्हते, वासावरून ठरत होते. आनंद वासाचा आणि अपाय मात्रेचा असेल, तर तीव्रता वाढवण्याच्या शर्यतीला पैदासशास्त्रीय आधार उरत नाही. सुवासिक पण सौम्य वाण तयार करणे जनुकशास्त्राच्या दृष्टीने पूर्णपणे शक्य आहे.

त्र्यंबकेश्वरी महाशिवरात्रीला येणाऱ्यांसाठी याच रसायनाचा एक भाग जवळचा आहे. भांग पानांची असते, म्हणून १९८५ च्या कायद्यातील गांजाच्या व्याख्येत ती येत नाही. महाराष्ट्रात तिच्यावर राज्याच्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. धुराबरोबर घेतलेले टीएचसी काही मिनिटांत मेंदूत पोहोचते, पण थंडाईतून गेलेले टीएचसी आधी यकृतातून जाते, तिथे त्याचे ११-हायड्रॉक्सी-टीएचसी या तितक्याच मादक रूपात परिवर्तन होते, आणि परिणाम जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. बदाम, बडीशेप आणि गुलाबाच्या वासामागे भांगेचा वास हरवलेला असतो, पहिल्या पेल्याने काही झाले नाही असे वाटते, आणि दुसरा पेला घेतला जातो. दोन्हींचा परिणाम एकत्र चढतो तेव्हा छातीत धडधड, भीती आणि भ्रम घेऊन माणूस रुग्णालयात पोहोचू शकतो.