सिकलसेल आजार (खानदेश)

सिकलसेल हा रक्तातील हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार आहे. खानदेशात तो मुख्यतः सातपुड्यातील व पायथ्याच्या आदिवासी वस्त्यांत, भिल्ल, पावरा, मावची, कोकणा आदी समाजांत आढळतो. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर, साक्री, शिरपूर, चोपडा हे तालुके अशाच आदिवासी पट्ट्यातले. बोलीभाषेतही नाव ‘सिकलसेल’च रूढ आहे.

बीटा ग्लोबिन साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच मूळ दोष. ऑक्सिजन कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे लांब दोरे बनतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. बारीक रक्तवाहिन्या तुंबून सांधे, पाठ, छाती यांत असह्य कळा येतात. शिवाय १२० दिवस टिकणारी पेशी १० ते २० दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कायम कमी. या दुखण्याला पाड्यावर ‘वात’ समजले जाते आणि भगताकडे जाण्यात वेळ जातो.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी याला ‘रेणवीय आजार’ म्हटले; असे म्हटला गेलेला हा पहिलाच आजार. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला. दोष टिकून का राहिला, याचा उलगडा अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून केला : एकच सदोष जनुक असलेल्या वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. सातपुड्यातला हिवताप ज्याने अनुभवला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

उपचारांतील जवळजवळ सारी प्रगती एका धाग्यावर उभी आहे, तो म्हणजे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन. आजारी बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही, कारण त्याच्या रक्तात हे हिमोग्लोबिन शिल्लक असते. १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन यांनी ही गोष्ट हेरली. मूळ कर्करोगासाठीचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध त्याचेच प्रमाण वाढवते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत त्याने वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आणले. भारतीय रुग्णांत सर्रास दिसणाऱ्या ‘अरब-भारतीय’ या जनुकीय प्रकारात हे हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते, तरीही ‘आपल्याकडचा सौम्य’ ही समजूत प्रत्येकाला लागू पडत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिलेली कॅसजेव्ही ही क्रिस्पर (जनुकात नेमक्या जागी बदल करणाऱ्या) पद्धतीची जनुकोपचार प्रणालीही तेच करते : गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए या जनुकाचा लगाम रुग्णाच्याच मूळपेशींत सैल करून ते हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करते. मात्र आधी तीव्र रसायनोपचाराने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते आणि अमेरिकेतील जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकविज्ञान संशोधन संस्थेत देशी क्रिस्पर पद्धतीवर काम चालू आहे. भावंडाची अस्थिमज्जा जुळल्यास प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. जुळणे हाच नशिबाचा भाग.

धडगावच्या रुग्णासाठी आज खरा उपचार म्हणजे हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल, फॉलिक आम्ल, भरपूर पाणी, थंडीपासून बचाव आणि लहान मुलांना पेनिसिलिन व लसी. यात अवघड भाग औषधाचा नाही, सातत्याचा आहे. हायड्रॉक्सियुरियासाठी ठरावीक काळाने रक्ततपासणी लागते, तर दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिथे पहाटेची थंडी, अपुरे पाणी आणि अंगमेहनत हीच झटक्याची कारणे एकत्र येतात, आणि उपचाराचे कागद मात्र गावच्या उपकेंद्रात राहतात.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांखालील ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे. चाळणीसाठी सोल्युबिलिटी चाचणी, खात्रीसाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी केली जाते. वाहक आजारी नसतो, पण दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी ‘पत्रिकेऐवजी रक्त जुळवा’ असा प्रचार होतो. देज (वराकडून वधूच्या घरच्यांना दिले जाणारे मूल्य) ठरवून लग्न जमवणाऱ्या पाड्यांवर पत्रिकेची ही भाषा उपरीच वाटते. तिथे पंचांसमोर, देज ठरण्याआधी हा विषय काढणारी गावचीच आशाताई अधिक उपयोगी पडते.