पार्श्वभूमी : स्टेक आतून कच्चट ठेवण्याची मुभा आली कुठून?

लंडनची चॉप हाउस आणि एकोणिसाव्या शतकातलं न्यूयॉर्क इथून स्टेकहाउसची, म्हणजे गोमांसाचे जाड काप (स्टेक) भाजून देणाऱ्या हॉटेलांची परंपरा आली. त्या काळाचा एक समज मात्र अजून पुसला गेलेला नाही. १८४७ च्या सुमारास एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांडलं, की बाहेरून चटकन भाजलं की मांसाचा रस आत कोंडला जातो. १९३० च्या दशकातल्या चाचण्यांत आधी चटकन भाजलेल्या मांसाचं वजनही न भाजलेल्याइतकंच, किंबहुना जास्तच घटलं. तरी भाजणं टिकलं, कारण खमंग चव त्या तपकिरी थरातच असते.

आजच्या नियमांचं मूळ १९९३ मध्ये आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय हा जंतू पसरला, ७०० हून अधिक लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. पुढच्याच वर्षी खिम्यातला हा जंतू ‘भेसळ’ ठरला. खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस शिजवा, असा सल्ला रूढ झाला.

मग स्टेक मीडियम रेअर, म्हणजे ५४ ते ५७ अंशांवर कसा चालतो? सबंध तुकड्यात जंतू पृष्ठभागावरच राहतात आणि तव्यावर तेच आधी मरतात. अमेरिकेच्या आदर्श अन्नसंहितेने, म्हणजे हॉटेलांसाठीच्या नमुना नियमांनी, म्हणूनच सवलत ठेवली : वरची-खालची बाजू ६३ अंशांना पोचावी, बाहेरून सगळीकडे रंग पालटावा, आत कितीही लाल चालेल. घरच्यांसाठीचा सरकारी सल्ला मात्र आतूनच ६३ अंश, आणि २०११ पासून वर तीन मिनिटं विसावा. गिऱ्हाइकांचा गोंधळ इथेच होतो. ६३ ला मीडियमही संपत आलेलं असतं; चांगल्या मांसासाठी तो आकडा विनाकारण जास्त आहे.

खरी मेख सुया-पात्यांची. स्वस्त, चिवट तुकडे मऊ करायला कारखान्यात त्यांत बारीक पाती खुपसतात. पृष्ठभागावरचे जंतू आत ढकलले जातात, आणि दिसायला तुकडा सबंधच! २०१६ पासून अमेरिकेत अशा कच्च्या मांसाच्या वेष्टनावर तसं छापावं लागतं. वेष्टन आचारी वाचतो, जेवणारा नाही. ही पळवाट ठेवायला नको होती. असा तुकडा हॉटेलात आतून ६८ अंशांपर्यंत न्यावा लागतो. स्वस्त स्टेक मागवताना ‘पाती मारलेली आहेत का’ हे विचारलेलं बरं.

बाकी काम थर्मामीटरचं. तो कडेने आडवा, मध्यापर्यंत घालावा. हाडाला किंवा चरबीला टेकला तर आकडा चुकतो. उतरवल्यावरही आतलं तापमान तीनेक अंश चढतं, तेव्हा ५५ हवं तर ५२ ला उतरवावं. दोन सेंटिमीटरहून पातळ तुकड्यात बाहेर रंग येईपर्यंत आतलं वेल डन, म्हणजे पूर्ण शिजलेलं होऊन बसतं. ताटात साचतं ते रक्त नव्हे. ते पाणी आणि मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूंतलं लाल प्रथिन.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे मुंबई-पुण्यात स्टेक म्हणजे बहुधा म्हशीचं अंडरकट, म्हणजे कण्याखालचा मऊ तुकडा. या मांसाचा रंग मुळात गडद, म्हणून रंगावरून अंदाज फसतो. चरबीही कमी, ६० च्या पुढे ते कोरडं पडतं. आणि मसाला मुरावा म्हणून काट्याने टोचलेलं अंडरकट सबंध तुकड्यात धरायचं नाही. ते ६८ वालंच.