संगीतलेखनाच्या फाइलींत व्हेरिएबल कसे रुजले

वाद्यवृंदाचे संगीत दोन रूपांत छापावे लागते : संचालकासाठी सर्व वाद्ये एकाखाली एक दाखवणारा स्कोअर, आणि प्रत्येक वादकासाठी केवळ त्याच्या वाद्याचा पार्ट. हाताने नकला काढण्याच्या काळात एक स्वर बदलला तरी दुरुस्ती दोन्हीकडे करावी लागे. संगणकावर मजकूर लिहून स्वरलिपी छापता येऊ लागली, तेव्हाही ही अडचण लगेच सुटली नाही.

डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीवर १९८७ मध्ये ‘म्युटेक’ आणि पुढे दानिएल तोपँ यांचे ‘म्युझिकटेक’ ही स्वरलिपी छापण्याची साधने उभी राहिली. म्युझिकटेकमध्ये एका क्षणी वाजणारे सर्व वाद्यांचे स्वर एकत्र, मध्ये विभाजक चिन्ह देऊन लिहीत. ‘टेक’मध्ये मॅक्रोची, म्हणजे मजकुराच्या तुकड्याला नाव देऊन तो त्या नावाने पुन्हा वापरण्याची, सोय होती, परंतु व्हायोलिनची ओळ फाइलभर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असल्यामुळे तिला एक नाव देणार तरी कुठे?

हान-वेन नीनहाउस आणि यान नीवेनहाउझेन या डच जोडीने १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘लिलीपाँड’ या स्वरलिपी छापणाऱ्या प्रोग्रामने हा क्रम उलटा केला. येथे एक स्वर, एक पट्टी (बार, म्हणजे ठरावीक मात्रांचा तुकडा) किंवा अखंड विभाग, सारे एकाच प्रकारची ‘संगीत-राशी’ मानले जाते आणि कोणत्याही राशीला नाव देता येते. त्यामुळे क्लॅरिनेटचे संगीत एकदाच व्हेरिएबलमध्ये, म्हणजे अशा नावाखाली, लिहून, बॅकस्लॅशसह तेच नाव स्कोअरमध्ये आणि, स्वरांतर करून (सर्व स्वर सारखेच वर-खाली सरकवून), पार्टमध्येही वापरता येते. ताल, स्वरश्रेणी आणि सरावखुणा (सरावात जागा सापडावी म्हणून दिलेली अक्षरे वा आकडे) यांसाठी स्वर नसलेले असे वेगळे व्हेरिएबल ठेवून ते प्रत्येक वाद्यावर समांतर चढवण्याची पद्धतही यातूनच रूढ झाली, आणि मोठ्या कृतींत ती जवळजवळ अपरिहार्य आहे असे म्हणावे लागेल. नावांत आकडे सरळ लिहिता येत नसल्याने पहिल्या-दुसऱ्या व्हायोलिनसाठी रोमन अंकांची अक्षरे जोडण्याची सवयही दीर्घकाळ टिकली.

याची किंमतही होती. प्रत्येक वाद्य स्वतंत्र लिहिल्यावर कोणत्या पट्टीत एक मात्रा कमी पडली हे नजरेला दिसत नाही. म्हणून पट्टीच्या शेवटी तपासणीची उभी रेघ देण्याची शिस्त आवश्यक ठरली. पियानोसारख्या, दोन्ही हात एकत्र वाचावे लागणाऱ्या संगीतासाठी लिलीपाँडने पुढे ‘पॅरलल म्युझिक’ ही आज्ञा दिली : तीत पट्ट्या जुन्या रीतीने आळीपाळीने लिहायच्या, आणि प्रोग्राम त्या वेगवेगळ्या व्हेरिएबलांत वाटून देतो.