जागेवर गोड चालणारं इंजिन वेगात का अडतं?

माझी टर्बो स्पोर्ट्स कार जागेवर उभी असली की इंजिनाचा सूर एकसारखा लागायचा. मोकळ्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की मात्र गचके. ‘पेट्रोलमध्ये कचरा असणार,’ असं ज्याने त्याने सांगितलं. मी घरीच स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून इंधन पेटवणारे भाग) बदलले आणि गचके गेले. पण दोष प्लगमध्येच होता, तर जागेवर इंजिन नीट कसं चालत होतं?

बॅटरीचे १२ व्होल्ट इग्निशन कॉइल हजारो व्होल्टपर्यंत चढवते. प्लगच्या दोन टोकांमध्ये जेमतेम ०.७ मिलिमीटरची फट, आणि तिच्यात वायू. वायू एरवी वीज वाहू देत नाही. पण त्यात एखाददुसरा सुटा इलेक्ट्रॉन असतोच. व्होल्टेज वाढलं की तो धन टोकाकडे धावतो आणि वाटेत एखाद्या रेणूवर आदळतो. तोवर पुरेसा वेग आला असेल तर त्या रेणूतून आणखी एक इलेक्ट्रॉन उडतो. एकाचे दोन, दोनाचे चार. बघता बघता लोंढा तयार होतो आणि वायूच वीजवाहक बनतो. हीच ठिणगी.

आता हा वायू दाबा. रेणू दाटीवाटीने उभे राहतात, इलेक्ट्रॉनला धावायला जागा उरत नाही, वेग येण्याआधीच टक्कर होते. म्हणजे जास्त जोर लावायला हवा. ठिणगीला लागणारं व्होल्टेज वायूचा दाब आणि फटीची लांबी यांच्या गुणाकारावर ठरतं, हे फ्रीडरिख पाशेनने १८८९ मध्ये मांडलं. (काटेकोरपणे दाबाऐवजी घनता म्हणायला हवं, कारण सिलिंडरमधला वायू तापलेलाही असतो.)

जागेवर असताना थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळपास बंद, सिलिंडरमध्ये हवा थोडी, गुणाकार लहान. पाय दाबला की टर्बो हवा कोंबतो आणि गुणाकार फुगतो. त्यातच माझ्या जुन्या प्लगची फट झिजून ०.९५ मिलिमीटर झाली होती आणि टोकांच्या कडा बोथट झाल्या होत्या. विद्युतक्षेत्र तीक्ष्ण कडेशी एकवटतं, बोथट कडेशी विखुरतं. कॉइलची ताकद तिथे संपत होती, ठिणगी चुकत होती आणि गचका बसत होता.

काही प्लगना इरिडियम या धातूचं टोक असतं. ते बारीक ठेवता येतं, कारण तो धातू २४४६ अंश सेल्सिअसला वितळतो आणि सावकाश झिजतो. पण ‘इरिडियम लावा, हॉर्सपॉवर वाढवा’ ही निव्वळ जाहिरातबाजी आहे. ज्या इंजिनात ठिणगी वेळेवर पडतेच आहे, त्याला त्यातून नवी ताकद मिळत नाही. तीन-चार काट्यांच्या (म्हणजे बाहेरच्या टोकांच्या) प्लगमध्येही एका वेळी ठिणगी एकाच काट्यावर उडते.

प्लग काढायचे ते इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. प्लग ज्यात बसतो ते सिलिंडरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना आटे खरवडले जातात. आधी खळग्यातली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग हाताने बसवा. उलटा फिरवून आटा ‘टक’ करून बसल्याचं जाणवलं की मगच सुलटा. शेवटचा आवळ टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकाच. आट्यांना ग्रीस लावू नका. घर्षण घटतं, त्यामुळे रेंच बरोबर आकडा दाखवतो आणि प्लग मात्र जास्त आवळला जातो.